मटण खानावळीला बिलिंग सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? आमच्या मामांना इंग्रजी केओटी (आत जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) वाचता येत नाही

गल्लेवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

कोल्हापूरच्या बाहेर हायवेला आमची खानावळ आहे. १४ टेबलं, मागं एक फॅमिली रूम. मटण ताट, चिकन ताट, अंडाकरी ताट, सुकं हाफ-फुल, रविवारी खिमा, बस्स. तांबडा-पांढरा कितीबी घ्या, त्याचे पैसे नाहीत, ते पहिल्यापासून असंच आहे आणि बदलणार पण नाही. आजपर्यंत आमचं बिलिंग म्हणजे बाबांचं डोकं. वाढपी आत जाऊन ओरडणार "चार नंबर, दोन मटण, एक सुकं हाफ, ज्वारी", आत मामा (आमचे आचारी, २२ वर्षं आमच्याकडंच आहेत) ते ऐकून ताटं लावणार, आणि बाबा गल्ल्यावरनं टेबलाकडं बघून बिलबुकात लिहिणार. टेबलावरच्या वाट्या मोजून बिल करायचे आणि चुकायचे नाहीत.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तसं गल्ल्यावर मी बसायला लागलो आणि मला ते काय जमंना. परवाच्या रविवारी १८ किलो मटण शिजवलं, उरलं जवळजवळ काहीच नाही, आणि रात्री बिलं जोडली तर ताटं आणि सुकं मिळून १४ किलोचाच हिशोब लागला. चार किलो मटण कुठं गेलं? गिऱ्हाइकाच्या पोटात गेलं आणि बिलात आलं नाही, का आणि कुठं गेलं, कळायला मार्ग नाही.

तर आता पीओएस, म्हणजे ऑर्डर आणि बिलाचं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरवलंय. तीन कंपन्यांची पोरं डेमो देऊन गेली आणि तिघांच्याबी टॅबवर पिझ्झा. साइज निवडा, टॉपिंग निवडा, एक्स्ट्रा चीज. मी म्हटलं आमच्यात टॉपिंग म्हणजे कांदा-लिंबू आणि ते फुकट आहे. मग पोरगं म्हणालं सर कस्टमाइज होईल. कसं होईल ते दाखव म्हटलं तर म्हणे ऑनबोर्डिंग टीम बघेल.

माझ्या अडचणी सांगतो. मामांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही, त्यामुळं केओटी मराठीतच पायजे. रस्सा रिफिलचं काय करायचं, त्याची केओटी काढायची का? एक ताट दोघांत खाणारे असतात, त्यांचं काय? पावसाळ्यात आमच्याकडं लाइट आणि नेट दोन्ही बेभरवशाचं. आणि पुढच्या वर्षी चुलतभावाबरोबर पुण्यात दुसरी शाखा काढायचा विचार आहे, तर दोन्हीकडं एकच सॉफ्टवेअर चालेल असं बघायचंय. बजेट तसं ठीक आहे पण उगं घालवायला पैसे नाहीत. कोणी आपल्यासारख्या खानावळीत वापरत असेल तर खरं काय ते सांगा, कंपनीची माणसं कृपया लांब राहा.

---

इचल_भोजनालय

भावा, तू योग्य जागी आलास, कारण मी हे सगळं पैसे घालवून शिकलोय. आमचं इचलकरंजीत आहे, ९ टेबलं, पार्सल जास्त, चार वर्षं झाली पीओएसवर.

पहिलं, रस्स्याची केओटी काढायच्या भानगडीत पडू नको. आम्ही सुरुवातीला शहाणपणा केला, शून्य रुपयाचा "तांबडा रिफिल" असा आयटम टाकला, का तर किती जातो ते कळेल. रविवारी दुपारी दीड वाजता प्रिंटर नुसता रस्सा रस्सा रस्सा करत हातभर कागद ओकायला लागला आणि खरी ताटाची केओटी त्यात कुठं गेली ते मामाला सापडंना. तिसऱ्या दिवशी बंद केलं. रस्सा बादलीतनं फिरू दे, जसा फिरतोय तसा. केओटीवर तेवढंच यावं ज्याचे पैसे लागतात किंवा ज्यासाठी आत कोणाला तरी हात हलवावा लागतो.

पार्सलचा रस्सा मात्र वेगळा, तो मोजून पिशवीत जातो, त्यामुळं पार्सलचा मेनू वेगळा कर, त्यात जादा रस्सा पिशवी पैशानं. एका ताटात दोघांसाठी "शेअरिंग" म्हणून एक आयटम कर आणि किंमत तुझी तू ठरव, आम्ही ४० लावतो, आणि ते भिंतीवर लिहून ठेव नाहीतर भांडणं होतात.

दुसरं प्रिंटरचं. ह्याबद्दल डेमोवाला कधीच बोलणार नाही. बिलाचा कागद थर्मल असतो, त्याला शाई नाही, तो उष्णतेनं काळा होतो. म्हणजे काय, तर आत चुलीजवळ तोच प्रिंटर ठेवला की केओटी भट्टीशेजारी टाचून पाच मिनिटांत अख्खा कागद काळाठिक्कर. आम्ही आतल्यासाठी रिबनवाला डॉट मॅट्रिक्स घेतला, साधा कागद, टरटर आवाज करतो. तो आवाजच कामाचा आहे, आत पंखा-एक्झॉस्टच्या गोंगाटात थर्मल मुकाट्यानं छापतो ते कळतच नाही.

आणि किचनचा प्रिंटर वायफाय-ब्लूटूथवर ठेवू नको, लॅनची केबल ओढून घे. आमच्यात एकदा लाइट जाऊन आली, राउटर परत चालू झाला आणि त्यानं प्रिंटरला दुसराच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला. टॅबवर केओटी गेली असं दिसतंय, आत काहीच नाही, बाहेर सहा टेबलं नुसती पाणी पीत बसलीत. २० मिनिटं. कंपनीच्या सपोर्टला फोन लावला तर रविवार. शेवटी शेजारच्या सायबर कॅफेवाल्या पोरानं येऊन आयपी फिक्स केला, त्याला एक चिकन ताट दिलं. तर इन्स्टॉल करतानाच त्यांच्याकडनं स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी करून घे आणि राउटरला छोटा यूपीएस लाव, इन्व्हर्टर असला तरी लाव, इन्व्हर्टर बदली होताना क्षणभर जी उडी बसते त्यात राउटर रीस्टार्ट होतो.

नाव विचारशील तर आपल्या भागात पेटपूजा बरंच दिसतं, अहमदाबादची कंपनी आहे, बाकी पण चार-पाच आहेत. पण मी नावावर जाऊ नको म्हणेन. ज्याचा माणूस तासाभरात तुझ्या गावात येऊ शकतो त्याच्याकडनं घे.

---

जुनं_ते_सोनं

मला कळत नाही १४ टेबलांना हे सगळं कशाला हवंय. कार्बन घातलेलं डुप्लिकेट बिलबुक घ्या, टेबल नंबर लिहा, एक पान आत एक पान गल्ल्यावर, झालं. आमच्याकडं ३० वर्षं असंच चाललंय. ना लाइट लागते ना नेट ना वर्षाचं रिन्युअल.

---

गल्लेवाला_कोल्हापूर

काका तुमचं पटतंय पण आमच्या वाढप्यांनी गर्दीत लिहायला नको म्हणून तर ओरडायची पद्धत पडली. आणि चार किलो मटण!

---

एक्स_कॅप्टन

चार किलोचं मी सांगतो. पुण्यात दोन हॉटेलांत मिळून ११ वर्षं कॅप्टन (टेबलावर ऑर्डर घेणारा, वाढप्यांचा मुख्य) होतो, आता स्वतःचा नाश्ता सेंटर आहे, त्यामुळं आता बोलायला हरकत नाही.

ताटवाल्या खानावळीत चोरी सगळ्यात सोपी, कारण सगळ्यांची ऑर्डर सारखीच असते. पाच नंबरला दोन मटण ताट, नऊ नंबरला पण दोन मटण ताट. पाच नंबरनं रोख पैसे दिले, बिल टेबलावरच टाकून गेला, तेच बिल उचलून नऊ नंबरला ठेवलं, त्यानं पण तेवढेच पैसे दिले, एक गल्ल्यात एक खिशात. पंजाबी-चायनीज हॉटेलात हे इतकं सहज जमत नाही कारण प्रत्येकाचं बिल वेगळं. बिलबुक असो नाहीतर कॉम्प्युटर, दोन्हीत होतं. (काका तुमच्या कार्बनबुकात तर पानच फाडता येतं, राग मानू नका.)

म्हणून सॉफ्टवेअर बघताना पिझ्झा राहू दे, तू हे विचार. केओटी काढल्याशिवाय बिल निघतं का? निघत असेल तर बंद करता आलं पाहिजे. बिलावर टेबल नंबर, वेळ आणि केओटी नंबर छापतात का? तेच बिल दुसऱ्यांदा छापलं तर त्यावर डुप्लिकेट असं येतं का? छापून झालेल्या बिलातला आयटम काढायचा असेल तर मालकाचा पासवर्ड किंवा मोबाइलवर ओटीपी लागतो का? आणि रात्री तुला एक रिपोर्ट मिळाला पाहिजे, आज किती केओटी रद्द झाल्या, कोणी केल्या, किती वाजता. नुसता तो रिपोर्ट दिसतो हे पोरांना कळलं की निम्मं काम होतं.

आणि जुनी पद्धत सोडू नको. आत एक सळई ठेव, मामा प्रत्येक केओटी ताट गेल्यावर त्यात खोचतील. रात्री सळईवरचे कागद आणि कॉम्प्युटरमधला आकडा जुळला पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे.

पण लगेच पोरांवर संशय घेऊ नको. चार किलोत स्टाफचं जेवण किती, बाबांचे दोस्त येऊन "राहू दे रे" म्हणून जेवून जातात ते किती, ते पण बघ. त्याची पण केओटी काढायची, शून्य रुपयाची, नो चार्ज म्हणून ऑप्शन असतो सगळ्यांत.

---

फॉन्टवाला

मी रेस्टॉरंटवाला नाही, प्रिंटर आणि बारकोडचं काम करतो, पण मराठी केओटीच्या मुद्द्यावर राहवलं नाही म्हणून लिहितोय.

सेल्सवाला "मराठी सपोर्ट आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा स्क्रीनवर मराठी दिसणं असतं. छापणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. बऱ्याचशा बिल प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरंच नसतात. त्याला मजकूर पाठवला की तो स्वतःजवळच्या अक्षरांच्या तक्त्यात शोधतो, सापडलं नाही की चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं छापून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे सॉफ्टवेअरनं ती ओळ आधी चित्र म्हणून तयार करायची आणि चित्र प्रिंटरला पाठवायचं. ज्यांनी हे नीट केलंय त्यांची मराठी सुंदर येते, ज्यांनी अर्धवट केलंय त्यांच्याकडे अक्षरं येतात पण जोडली जात नाहीत. पहिली वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर जाते, चिकनचं चकिन होतं. रस्सा असा येतो की स पाय मोडून दुसऱ्या स च्या शेजारी उभा आहे. भाकऱ्या मधला तो अर्धचंद्रासारखा र गायब होऊन भाकर्या होतो.

म्हणून डेमोला आलेल्या माणसाला त्याच्या यादीतला आयटम छापू देऊ नका. तुम्ही स्वतः टाइप करा: चिकन, मिक्स रस्सा, ज्वारीच्या भाकऱ्या, सोलकढी, अर्धं सुकं, कांदा-लिंबू. आणि छापून कागद मामांच्या हातात द्या, चष्मा न लावता वाचता आला तर ठीक. पूर्वीच्या फॉन्टमध्ये (श्रीलिपी, कृतिदेव वगैरे) टाइप केलेली मेनूकार्डाची फाइल असेल तर ती चिकटवून उपयोग नाही, युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी लिहितो ती पद्धत) परत टाइप करावं लागेल. ते काम कंपनीवर टाकू नका, त्यांचा ऑपरेटर सुकं चं सुख करून ठेवतो.

इचल दादांनी डॉट मॅट्रिक्स सांगितला तो उष्णतेसाठी बरोबर आहे, पण एक अडचण आहे. त्यात नऊ पिनांनी ठिपके मारून अक्षर तयार होतं, बारीक मराठी जोडाक्षरं त्यात भरून जातात, आणि चित्र म्हणून छापताना हळू पण होतो. मोठ्या अक्षरात, एका केओटीला दोन-तीनच ओळी असतील तर चालून जातं, तुमच्या मेनूला चालेल असं वाटतं. नाहीतर थर्मलच घ्या पण ३ इंची म्हणजे ८० मिलिमीटरवाला, आणि तो चुलीजवळ न ठेवता जिथनं ताटं बाहेर येतात त्या खिडकीपाशी ठेवा. २ इंचीवर "मटण ताट (ज्वारी, कमी तिखट)" ची दोन ओळींत तुकडेजोड होते.

सॉफ्टवेअरमध्ये एका आयटमला दोन नावं ठेवता येतात का ते पण विचारा, बिलावर एक आणि केओटीवर एक. पुण्याच्या शाखेत उपयोगी पडेल, तिथं आचारी कुठला मिळेल सांगता येत नाही.

---

इचल_भोजनालय

फॉन्टवाले साहेब, आमच्यात चार वर्षं इंग्रजी अक्षरात मराठी छापतोय, मामाचा पोरगा वाचून दाखवतो. हे चित्रवालं मला कोणी सांगितलंच नाही. उद्याच विचारतो.

---

मालवणची_ताई

दादा, तुमचा त्रास वाचून हसू आलं कारण तुमच्या मटणाचा भाव निदान आठवडाभर तरी टिकतो. आमच्याकडे मासळीचा भाव सकाळी लिलावात ठरतो. सुरमई ताट काल एक भाव, आज होड्या रिकाम्या आल्या तर वेगळा. पापलेट तर आकारावर, लहान-मध्यम-मोठं. आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं लिहीत आलो.

पहिलं सॉफ्टवेअर घेतलं (नाव सांगत नाही, आता त्यांच्याशी संबंध नाही) त्यात भाव बदलायचा तर त्यांच्या ऑफिसला मेल करायचा आणि ते २४ तासांत बदलून देणार! चोवीस तासांत आमचा बांगडा शिळा होतो. आता जे आहे त्यात सकाळी मी स्वतः मोबाइलवरून सात-आठ भाव बदलते, संपलेली मासळी बंद करते, की लगेच सगळ्या टॅबवरून ती गायब, मग पोरगा गिऱ्हाइकाला कोळंबी सांगून आत जाऊन परत "नाही आहे" सांगायला येत नाही. तर भाव आपल्या हातात असणं हे बघाच, तुमचं मटण पण श्रावण संपला की चढतं ना.

नेटचं म्हणाल तर इथे पावसात दोन-दोन दिवस नसतं. डेमोच्या वेळी मी एकच केलं. बिल चालू असताना भिंतीवरचा राउटर बंद केला आणि त्या मुलाला म्हटलं, आता कर बिल. एकाचं सॉफ्टवेअर गोल गोल फिरत बसलं. दुसऱ्याचं चाललं, पण दोन टॅब एकमेकांना ओळखेनात, म्हणजे कॅप्टननं घेतलेली ऑर्डर गल्ल्यावर दिसेना. तिसऱ्यानं सगळा हिशोब गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरमध्येच ठेवला होता, नेट आलं की वर चढवतो, तेच घेतलं. फक्त एक लक्षात ठेवा, इंटरनेट गेलं तरी राउटर चालू पाहिजे, नाहीतर आतल्या आत पण बोलणं बंद.

आणि पैसे भरताना घासाघीस करा. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद, पर्यटक पण नसतात, आमचं हॉटेल जवळजवळ बंदच असतं, मग बारा महिन्यांचे पैसे का भरू? दहा महिन्यांचे घ्या नाहीतर राहू दे म्हटलं. घेतले.

---

खतावणी

मी कर सल्लागार आहे, हॉटेलांचीच कामं जास्त बघतो. सगळ्यांनी प्रिंटर आणि मासळी सांगितली, जीएसटी कोणीच विचारत नाही आणि नंतर मार्चमध्ये मला फोन येतात म्हणून लिहितो, रुक्ष आहे पण वाचा.

तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठीची सोपी योजना) आहात का रेग्युलरमध्ये, हे आधी पक्कं करा, कारण बिलाचा नमुनाच वेगळा. कंपोझिशन दीड कोटीच्या आतल्या उलाढालीला घेता येते, त्यात ५ टक्के तुम्ही तुमच्या खिशातून भरायचे, गिऱ्हाइकाकडून जीएसटी म्हणून एक रुपया घेता येत नाही. त्यात टॅक्स इन्व्हॉइस नाही, बिल ऑफ सप्लाय द्यावं लागतं आणि त्यावर वरती तसं वाक्य छापावं लागतं. मी असे महाभाग बघितलेत की नोंदणी कंपोझिशनची आणि सॉफ्टवेअरवाल्यानं सवयीनं सीजीएसटी अडीच, एसजीएसटी अडीच लावून वर्षभर छापलंय. रेग्युलर असाल तर ५ टक्के गिऱ्हाइकाकडून घेऊन भरायचे, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे सॉफ्टवेअरवाला "बारा हजार प्लस जीएसटी" म्हणतो ना, ते १८ टक्के म्हणजे २१६० रुपये परत येणार नाहीत, ते किंमतीतच धरा. प्रिंटर, टॅब सगळ्याला तेच.

पुण्याची शाखा त्याच पॅनवर असेल तर दोन्हीकडची उलाढाल एकत्र मोजली जाते, दीड कोटीची मर्यादा दोन्ही मिळून. चुलतभावाबरोबर भागीदारी केली तर पॅनच वेगळा, मग सगळंच वेगळं. हे सॉफ्टवेअर घेण्याआधी ठरवा, नंतर नाही. दोन्हीकडे बिलांच्या मालिका वेगळ्या ठेवा, नंबर सलग पाहिजेत, १ एप्रिलला नव्यानं सुरू करता येतात, पण मध्येच गॅप पडलेले चालत नाहीत. वरती कॅप्टन साहेबांनी रद्द बिलांचं सांगितलं ते इथेही लागू: रद्द झालेलं बिल नंबरासकट दिसलं पाहिजे, गायब नाही झालं पाहिजे. बिल पुसून टाकायची सोय आहे असं कोणी हळूच कानात सांगितलं तर त्याला चहा पाजून घालवा.

पुण्यात स्विगी-झोमॅटो लागणारच. १ जानेवारी २०२२ पासून त्यांच्यामार्फत जाणाऱ्या जेवणावरचा जीएसटी ते प्लॅटफॉर्म भरतात, तुम्ही नाही. पण रिटर्नमध्ये ती विक्री वेगळ्या रकान्यात दाखवावी लागते. सॉफ्टवेअरच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये टेबल, पार्सल, ऑनलाइन असे तीन आकडे वेगळे नसतील तर एकाच जेवणावर दोनदा कर भरला जातो. माझ्याकडे एका बिर्याणीवाल्यानं सात महिने भरला होता.

बिलावर तुमचा १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर यायला पाहिजे. सर्व्हिस चार्ज म्हणून काही आपोआप लागत असेल तर पहिल्या दिवशी बंद करून घ्या, बिलात परस्पर लावता येत नाही, २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसे निर्देश काढले आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरले. आणि थर्मल कागद सहा महिन्यांत पांढरा होतो, हिशोब मात्र वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, तेव्हा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढता येतो का ते विचारा आणि दर महिन्याला काढून स्वतःच्या पेन ड्राइव्हवर ठेवा. कंपनी सोडली की लॉगिन बंद होतं, मग त्यांच्या दारात उभं राहावं लागतं.

---

बारामालक_सोलापूर

खतावणी साहेब, परमिट रूमचं पण सांगा की. आमच्याकडं सॉफ्टवेअरनं दारूवर पण जीएसटी लावला होता आठवडाभर.

---

खतावणी

दारू जीएसटीत नाहीच, तिला व्हॅट, महाराष्ट्रात परमिट रूमला नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के. जेवणाचं बिल वेगळं, दारूचं वेगळं, मालिका पण वेगळी, एका टेबलाची दोन बिलं आपोआप फुटली पाहिजेत. मूळ प्रश्नकर्त्याला हे लागत नाही, तुम्ही वेगळा धागा काढा.

---

जुनं_ते_सोनं

दोन मटण ताटांचं एकच बिल दोन टेबलांना, हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. आमच्याकडं सगळी ताटंच आहेत.

---

गल्लेवाला_कोल्हापूर

मंडळी, महिना होऊन गेला, काय झालं ते सांगतो.

खतावणी साहेबांचं वाचून आमच्या सीएंना फोन केला, आम्ही रेग्युलरमध्येच आहोत, पुण्याचं भागीदारीत करायचं ठरलं म्हणजे तिकडचा हिशोब वेगळा. तेवढं डोक्यातनं गेलं.

मग डेमोला परत तिघांना बोलावलं, पण ह्या वेळी रविवारी दुपारी साडेबाराला. एकानं रविवार म्हटल्यावर नाहीच म्हणाला. दुसरा आला, ताईंसारखा राउटर बंद केला तर त्याचं चाललं, मला बरं वाटलं, मग फॉन्टवाल्यांची यादी टाइप करून केओटी काढली आणि मामांच्या हातात दिली. मामांनी कागद लांब धरला, जवळ धरला, म्हणाले "दोन चकिन म्हणजे काय रं?" आत सगळे हसायला लागले. पोरगं म्हणालं सर पुढच्या अपडेटमध्ये होईल. तिसऱ्याची मराठी स्वच्छ आली, नावं पण दोन ठेवता येतात, भाव मला मोबाइलवर बदलता येतो, फक्त त्याचा माणूस सांगलीला असतो, तासाच्या वर लागतो. तरी तेच घेतलं, वर्षाचं नाही, आधी तीन महिन्यांचं भांडून घेतलं. प्रिंटर ३ इंची थर्मल, खिडकीपाशी. आवाज येत नाही म्हणून त्याच्याशेजारी बाबांनी देवळातली छोटी घंटा बांधलीय, वाढपी केओटी काढली की वाजवतो.

चार किलोचं निम्मं सापडलं. सळईवर केओट्या खोचायला लागल्यापासून कळलं की सुकं हाफ म्हणून मामा जे वाढत होते ते जवळजवळ फुलच होतं, २२ वर्षांत त्यांना कोणी वाटी मोजून दिलीच नव्हती. आता एक पळी ठरवून दिलीय, मामा चार दिवस बोलत नव्हते माझ्याशी. स्टाफ आणि बाबांचे दोस्त नो चार्जमध्ये येतात, बाबांना आकडा दाखवला तर म्हणाले हा कागद परत मला दाखवू नको. उरलेलं एक-दीड किलो अजून शोधतोय, एक्स_कॅप्टन साहेब तुम्हाला वेगळा मेसेज टाकतो.

केओटीवर चिकन बरोबर छापून येतं. पण आमची वाढपी पोरं आता आतबाहेर "चकिन"च म्हणतात. काल एका गिऱ्हाइकानं पण मागितलं.